शिंपल्याखालची चिठ्ठी

बेळगावला समुद्र नाही, पण घाट आहेत. चोर्ल्याने उतरले की गोवा, आंबोलीने उतरले की सावंतवाडी आणि वेंगुर्ले, अणशीच्या रस्त्याने उतरले की कारवार. या वाटांनी मासळी वर आली, मीठ आले, नारळ आले, माणसे आली, आणि त्यांच्या पिशव्यांतून शिंपलेही आले. मे महिन्याच्या सुटीत किनाऱ्यावरच्या आपल्या गावी जाऊन आलेला मास्तर परतताना मूठभर शिंपले खिशात घालून आणी आणि ते शाळेच्या प्राणिशास्त्राच्या कपाटात जात. अशी कपाटे आमच्या भागातल्या जुन्या शाळांतून एके काळी पुष्कळ होती. त्यांपैकी एका कपाटातला संग्रह लावून देण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. त्या कामातून जो इतिहास हाती लागला तो येथे सांगतो.

संग्रह म्हणजे फार मोठे काही नाही. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, औषधांच्या रुंद तोंडाच्या बाटल्या, पिवळा पडलेला कापूस आणि प्रत्येक शिंपल्याखाली एक चिठ्ठी. बहुतेक चिठ्ठ्या इंग्रजीत, काही मराठीत, थोड्या कानडीत आणि एक-दोन पोर्तुगिजांत. शंख-कवड्या वेगळ्या काढल्यावर राहिले ते दोन झडपांचे शिंपले. शास्त्रात त्यांना द्विपुट म्हणतात. त्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे होते : तू कोण, आणि तू कुठला? पहिला प्रश्न शास्त्राचा वाटतो आणि दुसरा भूगोलाचा. प्रत्यक्षात दोन्ही प्रश्न इतिहासाचे निघाले.

आपल्या किनाऱ्यावर या शिंपल्यांची ओळख पुस्तकांच्या फार आधीपासून पक्की आहे. तिसऱ्या, शिवल्या, खुबे, मुळे, शिनाणे, कालवे ही नावे वेंगुर्ले-मालवणपासून गोव्यापर्यंत कुणालाही विचारा. ओहोटीला चिखलात वाकून शिंपल्या गोळा करणारी बाई त्यांची वर्गवारी अचूक करते. ती विचारते : वाळूत सापडते की चिखलात? खडकाला चिकटते की मोकळी राहते? किती वेळ उकडल्यावर तोंड उघडते? आत गर किती? तिच्या वर्गीकरणाला राहण्याची जागा आणि स्वयंपाकाची चूल असे दोन पाय आहेत आणि रोजच्या व्यवहाराला ते पुरतात. अडचण गाव बदलले की येते. एका खाडीवर ज्याला तिसऱ्या म्हणतात त्यालाच चार खाड्या ओलांडल्यावर दुसरे नाव असते, आणि तिसऱ्या या एकाच नावाखाली दोन-तीन वेगवेगळ्या जाती एकाच टोपलीत बसलेल्या असतात. बाजारात त्याने काही बिघडत नाही. संग्रहात मात्र बिघडते, कारण चिठ्ठीवर नुसते 'तिसरी' लिहिले तर ती कुठल्या गावची तिसरी हे कळल्याशिवाय त्या शब्दाचा अर्थच लागत नाही.

नावांचा हा गोंधळ युरोपातही होताच. सतराव्या शतकात तिकडे शंख-शिंपल्यांचे संग्रह करण्याचा मोठा शौक निघाला. मार्टिन लिस्टर या इंग्रज वैद्याने १६८५ ते १६९२ या काळात शंख-शिंपल्यांचा प्रचंड चित्रसंग्रह छापला. त्यातली चित्रे त्याच्या सुझॅना आणि ॲना या दोन मुलींनी काढून तांब्याच्या पत्र्यांवर कोरली. रुम्फियस नावाचा डच कंपनीचा नोकर इंडोनेशियातल्या अंबॉन बेटावर राहून तिथले शिंपले टिपत होता. १६७० मध्ये त्याचे डोळे गेले, तरी काम थांबले नाही. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १७०५ मध्ये छापून निघाला. आंधळा माणूस शिंपला बोटांनी ओळखतो, ही गोष्ट मला शिंपले हाताळताना वारंवार आठवते. बिजागरीचे दात, कडेची खरखर, पाठीवरच्या धारा हे सारे बोटालाच आधी कळते.

पुढे १७५८ मध्ये स्वीडनच्या लिनियसने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव दिले, गणाचे एक आणि जातीचे एक. प्राण्यांच्या नावांची गणना आजही त्या सालापासून करतात. लिनियस हिंदुस्थानात कधी आला नाही, पण आपल्या जेवणाच्या ताटातले कितीतरी शिंपले त्याच्या यादीत आहेत. शिनाणे ज्या हिरव्या शिंपल्याचे असतात त्याला त्याने मायटिलस व्हिरिडिस म्हटले. जाड धारांच्या, लाल रक्ताच्या शिंपल्याला आर्का ग्रॅनोसा म्हटले. गुळगुळीत पाठीच्या खाडीतल्या शिंपल्याला व्हीनस मेरेट्रिक्स म्हटले, म्हणजे आधी सौंदर्यदेवता आणि मग गणिका. या गटातल्या शिंपल्यांच्या अवयवांसाठी लिनियसने वापरलेल्या शब्दांवर मेंडिस दा कॉस्टा या इंग्रज लेखकाने १७७६ मध्ये असभ्यतेचा आरोप केला होता. आमच्या कपाटातल्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या मास्तरांनी त्या नावांचा अर्थ वर्गात मुलांना सांगितला असेल असे वाटत नाही.

गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी जो पातळ, दुधी, चपटा शिंपला बसवलेला असतो, त्याचे नाव लिनियसने ॲनोमिया प्लॅसेंटा असे ठेवले. लॅटिनमध्ये प्लॅसेंटा म्हणजे चपटी पोळी किंवा भाकरीसारखा केक. उपमा अगदी घरगुती आहे. पुढे या शिंपल्याचा स्वतंत्र गण झाला आणि त्याला प्लॅक्युना हे नाव मिळाले. हे नाव पहिल्यांदा छापले गेले ते लिलावाच्या यादीत. पोर्टलंडची डचेस वारल्यावर तिचा संग्रह १७८६ मध्ये लंडनला अडतीस दिवस लिलावात विकला गेला. त्या लिलावाची यादी लाइटफूट नावाच्या पाद्र्याने तयार केली होती आणि तीत शिंपल्यांची नवी नावे होती. हॅम्बुर्गच्या बोल्टेन या वैद्याच्या संग्रहाची अशीच यादी १७९८ मध्ये रोडिंगने छापली. तीतली नावेही शास्त्राने मान्य केली, कारण नियम एकच : जे नाव आधी छापले गेले ते खरे. विक्रीच्या कागदावर असले म्हणून काय झाले!

हा आधीपणाचा नियम वाचायला सोपा वाटतो, पण त्याचा फटका आपल्या तिसरीला बसला आहे. केरळच्या अष्टमुडी कायलात आणि आपल्या किनाऱ्यावरच्या खाड्यांत मिळणाऱ्या, पाठीवर बारीक समांतर खाचा असलेल्या तिसरीचे शास्त्रीय नाव पिढ्यान्‌पिढ्या पॅफिया मलबारिका असे लिहिले जाई. मलबारिका हे जातीचे नाव केम्निट्झ या कोपनहेगनच्या पाद्र्याच्या मोठ्या चित्रग्रंथातून आलेले. पण त्या ग्रंथात लिनियसची दोन शब्दांची पद्धत सातत्याने पाळलेली नव्हती, म्हणून विसाव्या शतकात नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने त्याच्या जुन्या खंडांतली नावे बाद ठरवली. मग त्याच शिंपल्याचे ग्मेलिनने १७९१ मध्ये दिलेले नाव पुढे आले आणि आता शास्त्रज्ञ त्याला प्रोटेपीस गॅलस म्हणतात. गॅलस म्हणजे कोंबडा. अष्टमुडीच्या तिसरीला २०१४ मध्ये मासेमारी टिकवून करण्याबद्दलचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले ते जुन्याच नावाने. नव्या नावात नियमाच्या दृष्टीने काहीच खोट नाही. पण जुन्या नावात एका किनाऱ्याचा पत्ता होता आणि तो आता गेला. आमच्या कपाटातल्या चिठ्ठ्यांवर अजून मलबारिका आहे. मी ती खोडली नाही. खाली दुसरी चिठ्ठी जोडून नवे नाव लिहिले.

आता पहिला प्रश्न, तू कोण. शिंपला ओळखायचा तर त्याला आतून पाहावे लागते. बाहेरचा रंग उन्हाने उडतो, लाटांनी झिजतो आणि एकाच जातीत दहा तऱ्हांचा असतो. आत मात्र प्राणी आपली सही करून जातो. बिजागरीपाशी दात असतात. झडपा बंद ठेवणारे स्नायू जिथे चिकटलेले असतात तिथे ठसे राहतात. अंगावरचे पातळ आवरण, म्हणजे प्रावार, जिथे शिंपल्याला धरून असते तिथे कडेशी समांतर एक रेषा उमटते. ज्या प्राण्याला पाणी आत-बाहेर करणाऱ्या नळ्या असतात, त्याच्या या रेषेला मागच्या बाजूला आत वळलेली खाच पडते. नळी जितकी लांब तितकी खाच खोल, आणि खाच जितकी खोल तितका प्राणी चिखलात खोल राहणारा. मेलेल्या शिंपल्यावरून जिवंतपणीचे त्याचे घर किती खाली होते हे असे वाचता येते.

सुरुवात करणाऱ्यासाठी चार नमुने पुरेत. धारांचा जाड शिंपला घ्या. पाठीवर अठराच्या आसपास उभ्या धारा, त्यांवर मण्यांसारखे दाणे, आणि बिजागरीच्या सरळ रेषेवर कंगव्यासारखे एकसारखे बारीक दात. ही लिनियसची ग्रॅनोसा, आजची टेजिलार्का ग्रॅनोसा. हिचा प्राणी उघडला की रक्तासारखा लाल रस येतो, कारण त्याच्या रक्तात आपल्यासारखे हिमोग्लोबिन असते. दुसरा, शिनाणा. त्याची चोच थेट टोकाला असते, बिजागरीला उजव्या झडपेत एक दात आणि डावीत दोन, आणि पुढच्या स्नायूचा ठसा नसतोच. ही पर्ना व्हिरिडिस, म्हणजे हिरवे हॅम. तिसरा, गुळगुळीत पाठीचा मेरेट्रिक्स. प्रत्येक झडपेत चोचीखाली तीन मुख्य दात आणि प्रावाररेषेची खाच जवळजवळ नसल्यासारखी. चौथी आपली खाचांची तिसरी. दातांची मांडणी मेरेट्रिक्ससारखीच वाटते, पण पाठीवर समांतर खाचा आणि आत प्रावाररेषेला इंग्रजी यू अक्षरासारखा स्पष्ट वळसा. टोपलीत एकमेकींशेजारी बसणाऱ्या या दोघी अशा वेगळ्या होतात.

डावी झडप कुठली हेही शिकावे लागते. तिसरीसारख्या शिंपल्याची चोच वर धरावी आणि दोन झडपा जोडणारी लवचीक पट्टी आपल्या अंगाकडे ठेवावी. मग डाव्या हाताकडची झडप डावी. कालवे याला अपवाद. ते डाव्या झडपेने खडकाला कायमचे चिकटतात आणि ज्याला चिकटतील त्याचा आकार घेतात, म्हणून एका जातीची दोन कालवे एकसारखी सापडणे कठीण. याच कारणाने कालवांच्या नावांचा गोंधळ सर्वांत मोठा. अलीकडे आनुवंशिक तपासणी आली आणि २०१७ मध्ये क्रॅसोस्ट्रिया गणातल्या आशियाई जाती वेगळ्या काढून त्यांना मॅगलाना हे गणनाव देण्यात आले, मॅगेलन या पोर्तुगीज खलाशाच्या स्मरणार्थ. हा मॅगेलन तरुणपणी पोर्तुगिजांच्या हिंदी महासागरातल्या आरमारात होता. चारशे एक्कावन्न वर्षे गोव्यात राहून पोर्तुगीज १९६१ मध्ये गेले. त्यांच्या एका खलाशाचे नाव मात्र आता आपल्या खाडीतल्या कालवांना चिकटले आहे.

साऱ्या वर्गाचे नावही तीनदा बदलले. लिनियसने द्विपुट या अर्थाचे बायव्हाल्व्हिया म्हटले. पुढे कल्ल्यांच्या पडद्यांवरून लॅमेलिब्रँकिया आले, आणि १८२० मध्ये गोल्डफुसने कुऱ्हाडीच्या आकाराच्या पायावरून पेलेसिपोडा हे नाव काढले. आज शास्त्रज्ञ पुन्हा बायव्हाल्व्हियाकडे वळले आहेत. माझ्यासारख्याला याचा फायदा असा, की चिठ्ठीवर यांपैकी कुठले नाव आहे त्यावरून ती लिहिणाऱ्याने कुठल्या पिढीचे पाठ्यपुस्तक वाचले होते याचा अदमास करता येतो. चिठ्ठीला तारीख नसली तरी तिची भाषा तारीख सांगते.

या किनाऱ्याच्या शिंपल्यांची शास्त्रीय यादी होऊ लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. मुंबईच्या किनाऱ्यावर ॲबरक्रॉम्बी यांनी जमवलेल्या शंख-शिंपल्यांवर १८९३ मध्ये मेल्विल यांच्यासोबत लेख प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास तारायंत्राच्या समुद्रतळावरच्या केबली दुरुस्त करणाऱ्या 'पॅट्रिक स्टुअर्ट' या जहाजावरचे कॅप्टन टाउनसेंड केबलबरोबर वर येणारे शिंपले वेचून ठेवत होते. इराणच्या आखातापासून अरबी समुद्रापर्यंतच्या त्यांच्या संग्रहावर मेल्विल आणि स्टँडन यांनी १९०१ पासून यादी छापली. तार पोचवण्याच्या कामातून हे शास्त्र असे फुकटात वाढले. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये सुब्रह्मण्यम्, करंदीकर आणि मूर्ती यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात मुंबईच्या द्विपुटांवर लेख लिहिला. १९९८ मध्ये दीपक आपटे यांचे भारतीय शंख-शिंपल्यांवरचे पुस्तक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काढले. आज माझ्यासारख्या अनेकांच्या टेबलावर ते असते.

वडोद्याच्या वाचकांना या इतिहासात एक हक्काचे पान आहे. सयाजीराव गायकवाडांच्या सरकारने काठेवाडच्या टोकाला असलेल्या आपल्या ओखामंडळातल्या समुद्रजीवांची पाहणी जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून करवून घेतली. सिलोनच्या मोत्यांच्या कालवांवर हर्डमन यांच्याबरोबर त्याने आधी काम केले होते. बडोदे सरकारला सादर केलेल्या या अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये आणि दुसरा १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्याच भागात प्लॅक्युना प्लॅसेंटाची शरीररचना, तिचा प्रसार आणि तिचे उपयोग यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे गोव्यात जो शिंपला खिडकीत बसला, त्याचाच शास्त्रशुद्ध अभ्यास एका मराठी संस्थानिकाच्या खर्चाने काठेवाडात झाला. ओखामंडळ १९४९ मध्ये बडोद्याबरोबर मुंबई राज्यात गेले, १९६० मध्ये गुजरातेत आले आणि २०१३ पासून देवभूमी द्वारका जिल्ह्यात आहे. ज्या संग्रहात 'ओखामंडळ, बडोदे' असे लिहिलेला शिंपला असेल, तिथल्या तरुण अभ्यासकाला हा प्रवास सांगितल्याशिवाय ती जागा नकाशावर सापडायची नाही.

आणि येथे दुसरा प्रश्न येतो, तू कुठला. आमच्या संग्रहात पुष्कळ चिठ्ठ्यांवर ठिकाण म्हणून फक्त 'बॉम्बे' लिहिले आहे. नवखा माणूस म्हणेल, मुंबईचा शिंपला. पण बॉम्बे म्हणजे शहर की इलाखा? कारवारचा किनारा १७९९ पासून मद्रास इलाख्यात होता. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्याला जोडला गेला. १ नोव्हेंबर १९५६ ला तो आणि आमचे बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. त्यामुळे कारवारच्या एकाच खडकावरून खरवडलेले कालव १८५० मध्ये मद्रासचे, १९०० मध्ये मुंबईचे, १९६० मध्ये म्हैसूरचे आणि १९८० मध्ये कर्नाटकचे असते. कालव तेच, खडक तोच. वेंगुर्ल्याचा शिंपला १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचा होता, त्यानंतर सिंधुदुर्गाचा. गोव्याचा शिंपला १९६१ पर्यंत 'पोर्तुगीज इंडिया'चा, मग केंद्रशासित प्रदेशाचा आणि १९८७ पासून स्वतंत्र राज्याचा.

आम्हा सीमाभागातल्या लोकांना अशा पाट्यांची सवय आहे. घराचा पत्ता न बदलता राज्य बदलल्याचे आमच्या आधीच्या पिढीने पाहिले. पण शिंपल्यांच्या बाबतीत याचा परिणाम व्यवहाराचा आहे. एखादी जाती किनाऱ्यावर कुठपर्यंत पसरली होती आणि आज कुठपर्यंत उरली आहे हे सांगायचे, तर जुन्या शिंपल्याचे नेमके ठिकाण लागते. 'बॉम्बे' एवढ्या शब्दावरून ते ठरत नाही. ठिकाण नसलेला शिंपला सुंदर असेल, टेबलावर ठेवायला बरा असेल, पण साक्षीदार म्हणून त्याचा उपयोग नाही.

कपाटाच्या एका खणात मला याचे मोठे नुकसान झालेले दिसले. कुणीतरी उत्साही माणसाने जुन्या फाटक्या चिठ्ठ्या काढून टाकून सुवाच्य अक्षरात नव्या लिहिल्या होत्या. नव्या चिठ्ठ्यांवर शास्त्रीय नाव बिनचूक आहे आणि ठिकाण म्हणून 'कर्नाटक किनारा' असे लिहिले आहे. हेतू चांगलाच होता. पण जुन्या चिठ्ठीवर गावाचे नाव असेल, खाडीचे असेल, आणणाऱ्याचे असेल, ते सारे केराच्या टोपलीत गेले. नाव पुन्हा ठरवता येते, कारण शिंपला समोर आहे. ठिकाण पुन्हा ठरवता येत नाही. त्या खणातल्या काही शिंपल्यांच्या बिजागरीत अजून वाळलेला काळा गाळ आहे. तो मी धुतला नाही. शिंपला चिखलाचा की वाळूचा, एवढे तरी तो सांगतो.

शेजारच्या दुसऱ्या खणात याच्या उलट उदाहरण आहे. कसलेल्या मास्तरी अक्षरातली एक जुनी चिठ्ठी. शास्त्रीय नाव आज बाद झालेले, पण त्याखाली गावाचे नाव, महिना, 'ओहोटीस चिखलात' आणि शेवटी विकणारीने सांगितलेले नाव मराठीत जसेच्या तसे. या चिठ्ठीतला एक शब्द आज चूक ठरला तरी बाकीचे चार शब्द शंभर वर्षांनीही खरे राहतील. शास्त्राच्या दृष्टीने मी तिला संग्रहातली सर्वांत मौल्यवान वस्तू समजतो, आणि तिच्यावरचा शिंपला अगदी साधा, बाजारात ढिगाने मिळणारा आहे.

आता पुन्हा खिडकीच्या शिंपल्याकडे येतो. कारण 'प्रादेशिक संग्रह' हा शब्द आपण कपाटापुरता समजतो, पण या किनाऱ्यावरचा प्लॅक्युनाचा सर्वांत मोठा संग्रह गोव्याच्या घरांतच आहे. लाकडी चौकटींत चौकोनी कापून ओळीने बसवलेले हे शिंपले उजेड आत घेतात आणि ऊन बाहेर ठेवतात. पोर्तुगीज भाषेत त्यांना कारेपा म्हणत. प्लॅक्युनाची ओळख पटवणारी खूण म्हणजे बिजागरीपाशी इंग्रजी व्ही अक्षर उलटे ठेवल्यासारखे दोन कंगोरे. चौकोन कापताना ही खूण जाऊ शकते, पण मध्यभागी असलेला स्नायूचा एकमेव गोल ठसा बहुधा राहतो आणि उजेडात तो स्पष्ट दिसतो. घर कधी बांधले हे पुष्कळदा दाराच्या चौकटीवर किंवा कुटुंबाच्या कागदांत असते. म्हणजे शिंपला आहे, ठिकाण आहे आणि अंदाजे साल आहे. संग्रहाला याहून जास्त काय लागते? मूळ खिडकी कुठली आणि मागाहून दुरुस्त केलेली कुठली एवढे मात्र घरच्या माणसांना विचारून घ्यावे लागेल. एकेका खिडकीतले शिंपले मोजून पाहिले, तर त्या काळी खाडीत शिंपले केवढे वाढत याचा हिशोब मांडता येईल.

हा हिशोब लवकर मांडायला हवा. जुनी घरे पडत आहेत, उरलेल्यांत काच बसते आहे आणि उतरवलेले शिंपले दिव्यांच्या शोभेला नाहीतर उकिरड्यावर जातात. जिवंत प्लॅक्युना गोव्यात जुवारीच्या मुखाजवळ चिखलीच्या उथळ उपसागरात आहे. २००१ मध्ये हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत घातला गेला. तेव्हा आता जिवंत शिंपला गोळा करून अभ्यास करू असे म्हणण्याची सोय नाही, आणि तसे म्हणूही नये. ज्यांनी आधीच प्राण दिला आहे, ते खिडकीतले आणि कपाटातले शिंपलेच आता बोलणार. त्यांच्याजवळ चिठ्ठी असेल तरच.

म्हणून वाचकांना एक विनंती. गोव्यातल्या, कोकणातल्या, कारवारकडच्या कितीतरी घरांत फडताळावर, देवघरात, मुलांच्या जुन्या खेळण्यांत शिंपले पडून असतात. आजोबांनी कुठल्या किनाऱ्यावरून आणले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवत असते. ते विचारून घ्या आणि कागदावर लिहा : कुठल्या गावचा, कुठल्या खाडीचा, साधारण कुठल्या साली, कुणी आणला. विकणाऱ्या किंवा गोळा करणाऱ्या बाईने त्याला काय म्हटले ते तिच्या बोलीत, तिच्या उच्चारात लिहा. पुस्तकातला शब्द घालून ते सुधारू नका. राज्याचे आणि जिल्ह्याचे नाव लिहायचे तर लिहा, पण आधी गावाचे लिहा, कारण राज्यापेक्षा गाव जास्त टिकते असा आमच्या भागाचा तरी अनुभव आहे. शास्त्रीय नाव येत नसेल तर ती जागा मोकळी ठेवा. ते नंतर येणारा कुणीही भरील, आणि त्यानंतर येणारा ते बदलील. आणि शिंपल्याखाली आधीची चिठ्ठी असेल तर ती कितीही फाटकी, चुकीची, परक्या भाषेतली असो, टाकू नका. नवी चिठ्ठी लिहा आणि तिच्या खाली जुनी ठेवा.